डोळ्याची लांबी कार्डावर लिहा

शिबिरात झालेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी आई चष्म्याशिवाय पोथी वाचायला लागली. आम्ही पेढे वाटले. कसब्यातल्या बायका बघून गेल्या. शास्त्री नदीच्या पलीकडची झाडं मात्र धूसर दिसतात म्हणाली, तर मी म्हटलं, "दिसतील गं हळूहळू." दहाव्या दिवशी डोकं ठणकलं, उलट्या झाल्या. पित्त समजून मी तिला आमसुलाचं सार पाजलं. माझीच अक्कल!

रत्नागिरीला नेलं तेव्हा डोळ्याचा दाब 46. तो 21 च्या आत हवा. "मॅलिग्नंट ग्लॉकोमा," डॉक्टर म्हणाले आणि घरात सगळ्यांनी कॅन्सरची धास्ती घेतली. कॅन्सरशी याचा काही संबंध नाही. उपचारांना दाद न देणाऱ्या या काचबिंदूला 1869 मध्ये फॉन ग्रेफे या जर्मन डॉक्टरांनी ते नाव दिलं. डोळ्यात तयार होणारं पाणी पुढे येऊन निचरायचं सोडून मागच्या जेलीत साठतं. फुगलेली जेली बसवलेलं भिंग पुढे रेटते, म्हणून जवळचं दिसायला लागतं. म्हणजे आम्ही पेढे वाटले ते आजाराच्या पहिल्या खुणेचे.

अ‍ॅट्रोपिनचे थेंब, शिरेतून मॅनिटॉल, मग लेझरने जेलीचा पडदा फोडणं. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. आईचा दाब दोन दिवसांत परत चढला. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं. तिथे रेटिनाच्या सर्जननी व्हिट्रेक्टॉमी केली. जेली कापून काढली आणि पाणी पुन्हा मागे अडकू नये म्हणून बुबुळाच्या कडेने आरपार वाट करून दिली. दाब 14 वर आला. नजर निम्मीच परतली.

हा प्रकार दुर्मीळ आहे. त्याला भिऊन कुणी मोतीबिंदू पिकवत बसू नये. पण तो बहुधा लहान डोळ्यांना गाठतो, आणि आईला तरुणपणापासून प्लस पाचचा चष्मा, म्हणजे डोळा लहानच. भिंगाचा नंबर काढताना डोळ्याची लांबी मोजतातच. सर्वसाधारण डोळा 23-24 मिलिमीटरचा, आईचा 20.6. आकडा फायलीत राहिला. आमच्या हातातल्या कार्डावर 'डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये' एवढंच. शिबिरं भरवणाऱ्यांनो, ती लांबी कार्डावर लिहा, छोट्या डोळ्यावर लाल शेरा मारा. आणि 'लांबचं धूसर झालं, डोकं दुखलं, उलटी झाली तर त्याच दिवशी या' हे ठळक मराठीत छापा. शाईचाच काय तो खर्च.

आईच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. त्याची लांबी 20.7. या वेळी कार्डावर लाल शाईने मीच लिहून ठेवली आहे.