बेरोजगार आळशी असतो? बहात्तरच्या दुष्काळाने दिलेले उत्तर

१/ ज्याला काम हवे त्याला ते मिळतेच, रिकामा राहतो तो आळशी, ही समजूत आजही मोठ्या आत्मविश्वासाने मांडली जाते. एके काळी तिला अर्थशास्त्राचा आधार होता. इतिहासाने तो दोनदा काढून घेतला. #थ्रेड

२/ अभिजात अर्थशास्त्राचे म्हणणे साधे होते. श्रम ही एक वस्तू. भाव उतरला की ती खपते. मजुरी पुरेशी खाली आली तर प्रत्येकाला काम मिळेल. तरीही जो बेकार, तो कमी मजुरी नाकारणारा.

३/ १९२९ साली अमेरिकेत बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आसपास होती. १९३३ साली ती सुमारे २५ टक्क्यांवर गेली. चार वर्षांत देशातील चौथाई कामगार अचानक आळशी झाले, असे मानायचे काय? मजुरी तर या काळात घसरतच होती.

४/ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या ‘जनरल थिअरी’त कारण उलगडले. एकाची मजुरी म्हणजे दुसऱ्याच्या मालाचे गिऱ्हाईक. सर्वांचीच मजुरी कापली की माल पडून राहतो, कारखाने थंडावतात आणि आणखी हात रिकामे होतात. अशा वेळी सरकारनेच खर्च करून मागणी उभी करावी लागते.

५/ हा कारखानदार देशांचा प्रश्न, असा आक्षेप घेतला जातो. तो काही अंशी रास्त आहे. कोरडवाहू मुलखात काम बंद पडते ते पाऊस दगा देतो म्हणून. परंतु ‘बेकार तो आळशी’ या समजुतीची सर्वांत कठोर परीक्षा अशाच मुलखात झाली : महाराष्ट्रात.

६/ विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ साली भीषण दुष्काळ पडला आणि वसंतराव नाईक यांच्या सरकारने गावोगावी दुष्काळी कामे काढली.

७/ मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, बांध घालणे, पाझर तलाव खोदणे. तेही भर उन्हात, तुटपुंज्या मजुरीवर. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पिके बुडाली, हाल झाले. पण १८७६-७८ सारखा संहार टळला.

८/ जुना सिद्धांत म्हणत होता, बेकार माणूस कमी मजुरी नाकारतो. येथे सर्वांत कष्टाचे काम सर्वांत कमी दामावर निघाले आणि लाखो हात पुढे आले. उणीव कामाची होती, इच्छेची नव्हती.

९/ पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला; तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणीनंतर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैशासाठी १९७५ पासून व्यवसाय कर होताच. शहरी पगारदार ग्रामीण मजुराच्या हक्काला हातभार लावू लागला. २००५ च्या केंद्रीय कायद्याची वाट येथूनच गेली.

१०/ योजनेत दोष होते. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी थकली, कामे अर्धवट राहिली. पण हे दोष हजेरीपट लिहिणाऱ्यांचे. घमेले उचलणाऱ्यांचे नव्हेत. पहिल्यांच्या चोरीसाठी दुसऱ्यांना ऐतखाऊ म्हणणे हा उघड अन्याय आहे.

११/ रोजगार हमीला ‘खिरापत’ म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे : कोणती खिरापत घेण्यासाठी दिवसभर खडी फोडावी लागते?