नातवासह कलकत्त्यास : उतरावें कोठें?

परगांवीं उतरण्याची जागा शोधण्याचें काम आमच्या घरांत आजवर कोणास फारसें करावें लागलें नव्हतें. काशीस गेलें कीं उपाध्यायांचें घर, मुंबईस धाकट्या बहिणीचें, इंदुरास व्याह्यांचें. कोणाकडे तरी ट्रंक टेकविली म्हणजे झालें. त्यामुळें सहासष्ट वर्षांचा होईपर्यंत मीं स्वतः पैसे मोजून हॉटेलांत काढलेल्या रात्री एका हाताच्या बोटांवर मोजतां आल्या असत्या. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, आणि तोहि एका चुकीनें मिळविलेला, हें आधींच सांगून टाकतों.

यंदा चैत्रांत नातवास घेऊन कलकत्त्यास जाण्याचा योग आला. (शहराचें नांव २००१ सालीं कोलकाता असें झालें, परंतु माझी जीभ जुनी आहे.) नातू दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. त्याचें आणि त्याच्या वडिलांचें, म्हणजे माझ्या चिरंजीवांचें, बोलणें माघ महिन्यापासून जवळजवळ बंद होतें. पुढें विज्ञानशाखा घ्यावी असें वडिलांचें मत. मुलगा त्यावर होहि म्हणेना आणि नाहींहि म्हणेना. अकरा माणसांच्या घरांत दोघे एकमेकांशीं बोलत नसले म्हणजे उरलेल्या नऊ जणांचा वेळ निरोप पोंचविण्यांत जातो. एके दिवशीं सूनबाई स्वयंपाकघराच्या दाराशीं हळूच म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही त्याला कुठें तरी घेऊन जा. जमलं तर त्याच्या मनांत काय आहे तें बघा." गांव नातवानेंच निवडलें. कलकत्ताच कां, तें त्यानें सांगितलें नाहीं आणि मींहि विचारलें नाहीं.

आझाद हिंद एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळीं सुटते आणि दोन रात्री व मधला एक दिवस गाडींत काढून प्रवासी हावड्यास उतरतो. दूरच्या प्रवासानें दमल्यावर स्टेशनाजवळचें बिऱ्हाड बरें, असा हिशेब करून मीं मोबाईलवर नऊशें रुपये भाड्याची एक खोली दोन रात्रींसाठीं घेऊन टाकली. चित्रांत ती प्रशस्त दिसत होती. पहांटे तेथें पोंचलों तेव्हां कळलें कीं खोली दुपारीं बारा वाजल्याशिवाय मिळत नसते. ही अट पावतीवर छापलेली होती. मीं वाचली नव्हती. सात तास आम्ही आजा-नातू सामानावर बसून राहिलों. खोली मिळाली तेव्हां चित्रांतील दोन खाटा म्हणजे कोपऱ्यांतून टिपलेली एकच खाट निघाली, न्हाणीघराची कडी लागत नव्हती, आणि खिडकी होती ती शेजारच्या गुदामाच्या भिंतीवर उघडत होती. नातवानें ती एकदां उघडली, भिंत पाहिली आणि पुन्हां लावून घेतली. तो कांहीं बोलला नाहीं. बोलला असता तर मला बरें वाटलें असतें.

हावड्यास उतरण्यांतला खरा दोष खोलीहून मोठा आहे. हावडा हें कलकत्ता नव्हे. मध्यें हुगळी नदी आहे. १९४३ सालीं खुला झालेला तो प्रचंड पूल पाहण्यास भव्य, पण रोज सकाळ-संध्याकाळ त्यावरून जाणें-येणें म्हणजे निम्मा उत्साह वाटेंतच सांडणें होय. मार्च २०२४ पासून नदीच्या तळाखालून मेट्रो धांवूं लागली आहे आणि हावड्याचें स्टेशन जमिनीखालीं तीस मीटरांहूनहि अधिक खोल आहे. ती गाडी मुलास अवश्य दाखवावी. परंतु सोय वाढली म्हणून शहर अलीकडे सरकत नाहीं. पहांटेची गाडी असेल तर स्टेशनावरील रेल्वेची विश्रांतिकक्षेंच आधीं ठरवावीं. पक्क्या तिकिटाच्या क्रमांकावर तीं मिळतात. तेथें स्नान करून दहा वाजतां शहरांत जावें, आणि बिऱ्हाड शहरांतच करावें.

त्या दुपारीं एका मिठाईच्या दुकानांत बसून मीं नातवास म्हटलें, "मीं निवडलेलें पाहिलेंस. आतां तूं निवड." त्यानें मोबाईलवर नकाशा उघडला. मला वाटलें, हा आतां स्वस्त-महागाची यादी काढणार. त्यानें तसें केलें नाहीं. आम्हांस काय काय पाहावयाचें आहे तें प्रथम विचारलें व त्या जागांवर खुणा केल्या. चौरंगीवरील भारतीय संग्रहालय, व्हिक्टोरिया स्मारक, एल्गिन रोडवरील नेताजींचें घर, कॉलेज स्ट्रीटचीं पुस्तकांचीं दुकानें, जोडासांकोची ठाकूरबाडी. माझ्यासाठीं पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटी, जिची स्थापना विल्यम जोन्सनें १७८४ सालीं केली, आणि त्याच रस्त्याच्या पूर्वेकडील जुनें गोऱ्यांचें कबरस्तान, जेथें तो चिरनिद्रा घेत आहे. शाकुंतल इंग्रजींत नेऊन युरोपास वेड लावणाऱ्या त्या गृहस्थाच्या थडग्यापाशीं चौतीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसानें एकदां उभें राहावें, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. खुणा झाल्यावर नातवानें उत्तर-दक्षिण जाणारी मेट्रोची जुनी रेघ दाखविली. हिचा पहिला टप्पा १९८४ सालीं सुरू झाला. हिंदुस्थानांतील ही पहिली मेट्रो. आमच्या बहुतेक खुणा या रेघेच्या दोन्ही अंगांस पडल्या होत्या. "आजोबा, या रेघेपासून पायीं दहा मिनिटांत राहायचं. मग कुठेंहि राहिलों तरी चालेल."

"कुठेंहि" मात्र चालत नाहीं, हें पुढच्या तासाभरांत आम्हां दोघांसहि कळलें. संग्रहालयाच्या बाजूसच सदर स्ट्रीट आहे. परदेशी तरुण प्रवासी तेथें पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहेत, खोल्या स्वस्त, नवीन बाजार पाठीमागें. रवींद्रनाथ कांहीं काळ याच गल्लींत राहिले होते व त्यांची एक प्रसिद्ध कविता तेथेंच जन्मली. मी या शेवटच्या कारणानें तयार झालों. नातू म्हणाला, "तुम्ही दिवसाचा विचार करतां. आपण खोलीवर येणार संध्याकाळीं. तेव्हां तिथं काय असतं तें बघूं." आम्ही दिवेलागणीस जाऊन पाहिलें. शंभर पावलांत चार जणांनीं आमची बाही धरून खोली, गाडी आणि पैसे बदलून देण्याची विचारणा केली; आणखी एकानें जें विचारलें तें नातवास समजलें नसावें अशी आशा आहे. एकट्या तरुण माणसास ती जागा गैरसोयीची नसेल. सोळा वर्षांच्या मुलास संध्याकाळीं खालीं जाऊन केळीं आणावयास सांगतां येईल काय, हा प्रश्न मीं स्वतःस विचारला आणि तेथून निघालों. तेव्हांपासून हीच माझी कसोटी झाली आहे.

पार्क स्ट्रीट आमच्या खिशास झेपण्यासारखा नाहीं. उत्तरेकडील शामबाजार-बागबाजार हा भाग जुन्या वाड्यांचा आणि मनास भुरळ घालणारा. परंतु तेथें राहतीं घरें पुष्कळ, उतारूंच्या जागा थोड्या. बालीगंज, गरियाहाट हा भाग स्वच्छ व निवांत आहे, पण मेट्रोच्या रेघेपासून थोडा बाजूस पडतो. साल्टलेक आणि न्यूटाउन येथें त्याच भाड्यांत नवीं कोरीं हॉटेलें मिळतात. आपण कलकत्त्यास आलों आहों याची आठवण मात्र स्वतःस करून द्यावी लागते.

शेवटीं आम्ही भवानीपुरांत स्थिरावलों. एकीकडे नेताजी भवन, दुसरीकडे हाजऱ्याच्या चौकांतलें जतीन दास पार्क, अशीं मेट्रोचीं दोन स्टेशनें. शाळा, शिकवण्या, शिंप्यांचीं व मिठायांचीं दुकानें, ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे वृद्ध. रात्रीं नऊ वाजतांहि बायका-मुलें रस्त्यावर दिसतात. गुजराती व पंजाबी कुटुंबें या भागांत पूर्वींपासून असल्यामुळें शाकाहारी माणसाची उपासमार होत नाहीं. बंगाली घरगुती लुची, छोलार डाळ आणि आलूर दम हेंहि मिळतें. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशीं नाकास झोंबतो, तिसऱ्या दिवशीं त्याचीच आठवण होते. हाजरा रोडवर तेथील मराठी मंडळींचें 'महाराष्ट्र निवास' आहे, ती पाटी वाचूनहि माझा जीव निम्मा खालीं पडला.

खोली घेतांना या वेळीं मीं आधीं जिना चढलों. नळ सोडून पाहिला, कडी लावून पाहिली, खिडकींतून रस्ता दिसतो कीं नाहीं तें पाहिलें. खाटा दोन व वेगवेगळ्या हव्यात असा हट्ट धरला. घरीं नातू माझ्याच खोलींत निजतो, तेव्हां यांत काय मोठें, असें कोणी म्हणेल. परंतु या वयांतल्या मुलास परक्या गांवीं स्वतःची म्हणून चार हात जागा, आपली उशी आणि आपला दिवा लागतो. तेवढें दिलें कीं तो आपणहून जवळ येतो. भाडें १९०० रुपये. सप्टेंबर २०२५ पासून दिवसास ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर पांच टक्के झाला आहे. तो धरून १९९५. सांगितलेल्या भाड्यांत कर आहे कीं नाहीं, हें तेथल्या तेथें विचारून घ्यावें. व्यवस्थापकांनीं मुलाचेंहि आधारपत्र मागितलें आणि त्याच्या वडिलांशीं फोनवर बोलून खात्री करून घेतली. नातू दुसरीकडे पाहत उभा होता. मला या चौकशीचा राग आला नाहीं; जी जागा असें विचारीत नाहीं तिच्याबद्दलच मी यापुढें शंका घेईन.

दुसऱ्या दिवशीं संग्रहालयाच्या दारावर आपटी खाल्ली. दिवस सोमवार. सोमवारीं तें बंद असतें आणि व्हिक्टोरिया स्मारकाचीं दालनेंहि. आमचा तो दिवस कॉलेज स्ट्रीटवर गेला, आणि फुकट गेला असें म्हणवत नाहीं.

मंगळवारीं भारहूतचा शिल्पांकित कठडा पाहून आम्ही परतलों. जेवण झाल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, मी एकटा जरा फिरून येऊं? सहापर्यंत येतों." सोळाव्या वर्षीं मुलास मित्र मानावें हें मीं वर्गांत किती वेळां शिकविलें असेल याची गणती नाहीं. हो म्हणालों. कलकत्त्यास अंधार आपल्याकडच्यापेक्षां जवळजवळ तासभर आधीं पडतो, हें माझ्या ध्यानांत नव्हतें. सहा वाजले तों दिवे लागले होते. सात वाजले. त्याचा मोबाईल बंद. साडेसातांस पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. मीं तो घेतला नाहीं. हातांत काठी घेऊन खालीं पायरीवर बसलों. व्यवस्थापकांनीं न विचारतां चहा आणून दिला. रस्त्यानें शिकवणीहून मुलें घरीं चाललीं होतीं, समोरच्या दुकानांत मिठाई तोलली जात होती. हेंच हावड्याच्या त्या गल्लींत घडलें असतें तर मी काय केलें असतें, हा विचार मनांत येऊं न देण्याचा प्रयत्न करीत होतों.

सव्वाआठांस तो कोपऱ्यावर दिसला. मोबाईलचा जीव संपलेला, गर्दींत एक स्टेशन पुढें कालीघाटास उतरलेला, तेथून रस्ता विचारीत चालत आलेला. रागावण्यासाठीं मीं जीं वाक्यें जुळविलीं होतीं त्यांतलें एकहि आठवलें नाहीं.

रात्रीं दिवा मालवल्यावर पलीकडच्या खाटेवरून आवाज आला. "आजोबा, मी बागबाजारला गेलों होतों. तिथं मराठा डिच लेन नांवाची गल्ली आहे." १७४२ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगाल्यांत उतरल्या तेव्हां कलकत्तेकरांनीं भिऊन शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहींत, खंदक अर्धाच राहिला, आणि १७९९ सालीं तो बुजवून वर्तुळाकार रस्ता झाला. गल्लीच्या नांवांत मात्र तो उरला. नातवास तेथें एक वृद्ध गृहस्थ भेटले. मुलगा पुण्याचा आहे हें कळतांच ते हंसून म्हणाले, "बर्गी!" आपल्या 'बारगीर' शब्दाचें तें बंगाली रूप. तान्ह्या मुलांना निजवितांना बर्गी आले म्हणून भय घालणारें गाणें तेथें आजहि म्हणतात, हें त्यांनीं त्यास सांगितलें व चहा पाजला.

"ते आपल्याला भीत होते, आजोबा. म्हणजे गांवं जळलीं असतील. आपल्या पुस्तकांत नुसत्या स्वाऱ्यांच्या सनावळ्या आहेत." थोड्या वेळानें, "मला इतिहास घ्यायचा आहे."

"मग सांगत कां नाहींस?"

"बाबा विचारतील, पोट कसं भरणार. त्याचं उत्तर मला येत नाहीं."

मीं त्यास सखाराम गणेश देऊस्करांची गोष्ट सांगितली. मराठी रक्ताचा हा माणूस देवघराजवळ जन्मला, बंगालींत लिहूं लागला, आणि त्याचें 'देशेर कथा' हें १९०४ सालचें पुस्तक सरकारनें १९१० सालीं जप्त केलें. पोटाच्या प्रश्नाचें हें उत्तर नव्हे, हें मला कळत होतें. म्हणून दुसरी गोष्टहि सांगितली, जी आजवर घरांत कोणास सांगितली नव्हती. "तुझ्या बाबांना सोळाव्या वर्षीं चित्रकला शिकायची होती. मीं शिकूं दिली नाहीं. त्यानं रंगांची पेटी धाकट्या भावाला देऊन टाकली, आणि मला एक शब्द बोलला नाहीं."

पलीकडून कांहीं उत्तर आलें नाहीं. पण तो जागा होता.

बुधवारीं सकाळीं मी जोन्सच्या थडग्यापाशीं जाऊन आलों. नातू खोलीवर राहिला. परत आलों तेव्हां तो खिडकींत उभा राहून फोनवर बोलत होता, आणि मला पाहून त्यानें आवाज खालीं केला नाहीं. गुरुवारीं चार रात्रींचे ७९८० रुपये चुकते करून आम्ही हावडा गांठलें.

दुसऱ्या दिवशीं गाडी नागपुरांत थांबली. फलाटावर संत्रीं घेऊन वर आलों तों नातवानें नकाशा उघडून ठेवलेला. "आजोबा, भोसल्यांचा वाडा महालांत आहे. इथं यायचं झालं तर उतरायचं कुठं? स्टेशनाजवळ सीताबर्डीला, कीं महालांतच?"

"व्याह्यांच्या ओळखीचे लोक आहेत इथें."

"नको, खोलीच घेऊं," तो म्हणाला. "तीन खाटांची. दिवाळींत बाबांना रजा असते."