तुमचं बीपी किती?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घराबाहेर, दक्षिणेकडे वात करून कणकेचा दिवा लावायची आपल्याकडे रीत आहे. यमदीपदान म्हणतात त्याला. घरातल्या कुणालाही अपमृत्यू येऊ नये, एवढंच मागणं त्यामागे असतं. त्याच दिवशी वैद्यमंडळी धन्वंतरीची पूजा करतात. दिवाळीची सुरुवातच अशी आयुष्याच्या काळजीनं होते. म्हणून यंदाचा अंक हाती देताना आम्ही वाचकांना एक साधा प्रश्न विचारतो आहोत: तुमचं बीपी किती?

‘नॉर्मल असेल’, ‘मला कुठे काय होतंय’ ही उत्तरं चालणार नाहीत. दोन आकडे हवेत, आणि ते याच वर्षातले हवेत.

रक्तदाबच निवडला, कारण त्यात दुखत काही नाही. दाढ ठणकायला लागली की माणूस सकाळी उठून दवाखाना गाठतो. पण वरचा आकडा १४०च्या किंवा खालचा ९०च्या पुढे वर्षानुवर्षं राहिला, तरी शेतातली कामं होतात, ऑफिस होतं, लोकलची धावपळ होते. तेवढ्या काळात मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं, डोळ्यांचे पडदे, हृदय यांचं नुकसान चालूच असतं. मग एक दिवस तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, आणि भेटायला आलेले म्हणतात, ‘काही नव्हतं हो त्यांना, कालपर्यंत ठणठणीत होते.’ होतं ते. मोजलेलं नव्हतं.

मोजायचीही एक पद्धत आहे, आणि घाईत ती नेमकी राहून जाते. जिना चढून आल्या आल्या पट्टा गुंडाळू नये. आधीचा अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा शर्टाच्या बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर. मिनिटभरानं पुन्हा एकदा मोजायचं आणि दोन्ही वेळचे आकडे तारखेसह वहीत लिहायचे. किराणा, दूध, पेपर यांचा हिशेब आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जातो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर एवढं सहज मावेल.

गोळीचा विषय याहून अवघड. ‘एकदा सुरू झाली की जन्माची चिकटते’ या भीतीनं कितीतरी जण ती सुरूच करत नाहीत. काही जण सुरू करतात, महिनाभरात आकडे खाली आले की ‘आता बरं आहे’ म्हणून परस्पर बंद करतात. आकडे खाली आले ते गोळीमुळे. तिचं व्यसन लागत नाही. ती थांबवली की दाब पुन्हा वर जातो, एवढंच. कमी करायची की बदलायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं, शेजाऱ्यांना विचारून नव्हे. २०१७मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा मोठा सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात होते. त्याचं सूत्र साधं होतं: ठरलेल्या, स्वस्त गोळ्या घराजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळाव्यात आणि आलेल्या प्रत्येकाची नोंद राहावी. गोळी दारापर्यंत आणणं हे सरकारचं काम, आणि ते चोख व्हावं असा आग्रह आपण धरलाच पाहिजे. ती रोज तोंडात टाकणं मात्र दुसरं कुणी आपल्यासाठी करू शकत नाही.

‘मी तर सडपातळ आहे, मला कुठला मधुमेह’ हा आणखी एक भ्रम. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापं छापली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली शरीरं बारीक दिसूनही आत चरबी साठवतात, हे त्या दोन आकड्यांनी दाखवून दिलं. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८०च्या पुढे गेली, की रक्तातली साखर तपासून घ्यायची वेळ झाली असं समजावं.

फराळ मात्र मनसोक्त करा. चार दिवसांच्या चकलीनं रक्तदाब जडत नाही. ताटात रोज वरून घेतलेलं मीठ, बारमाही लोणचं-पापड, चहाबरोबरचं फरसाण यांचा भार मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ पुरे.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरातल्या बाईची. नवऱ्याच्या तपासण्यांची फाइल कपाटात असते, सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा तिनंच भरलेला असतो, तिच्या स्वतःच्या नावाचा कागद शोधून सापडत नाही. गरोदरपणात शुगर वाढली होती, हे ती बाळंतपणानंतर विसरून जाते. खरं तर अशा बाईला पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो आणि तिनं नियमित तपासणी करायला हवी. ‘स्वतःची काळजी घे’ असं तिला नुसतं म्हणून भागत नाही. दवाखान्यात जायला तिला एक सकाळ मोकळी करून द्यावी लागते. ऊसतोडीवर किंवा रोजंदारीवर असलेल्यांना तर तपासणी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं. आजारी पडलेल्याला ‘तूच जबाबदार’ असं सुनावण्याचा हक्क आपल्यापैकी कुणालाही नाही. स्वतःपुरती जबाबदारी घेता येण्याएवढी सवड ज्यांना आहे, त्यांनी ती आधी घ्यावी, आणि घरात कामाला येणाऱ्या मावशींना पगारी सुट्टी देऊन तपासायला पाठवावं.

या अंकातले आरोग्यावरचे लेख सवडीनं वाचा, कथा-कवितांचा आनंद घ्या. आणि भाऊबीजेला सगळे जमाल तेव्हा, ओवाळून झालं की बहिणीला पाच मिनिटं शांत बसवा, तिचं बीपी मोजा, तिच्याकडून तुमचं मोजून घ्या आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. जास्त आले तर लग्नसराईची, कशाचीही वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.