दोन ‘वीक’ आणि एक ‘दीन’

गेल्या वर्षी सहावीतील एका विद्यार्थ्याचा रजेचा अर्ज आमच्या टेबलावर आला. अर्ज इंग्रजीत होता. आजोबा ‘वीक’ आहेत, सबब एक ‘वीक’ रजा मिळावी, असा आशय. अशक्ताच्या ‘वीक’मध्ये त्याने दोन ‘ई’ घातले होते, आणि आठवड्याच्या ‘वीक’मध्ये ‘ई’नंतर ‘ए’. म्हणजे आजोबा झाले आठवडा आणि रजा अशक्त! आम्ही मोठ्याने हसलो, लाल शाईने दोन्ही शब्द सुधारले आणि रजा मंजूर केली. मुलगा खाली मान घालून गेला. आजोबांना काय झाले आहे, हे विचारायचे राहूनच गेले.

सायंकाळी मनाला चैन पडेना, म्हणून त्याच्या घरी गेलो. आजोबा बाजेवर पडून होते. ताप उतरला होता, पण उठवत नव्हते. ते आमच्याशी मराठीत बोलत असता दारात शेजारीण आली आणि मुलगा तिच्याशी तेलुगूत बोलू लागला. बोलण्यात ‘वीधि’ हा शब्द आला. वीधि म्हणजे गल्ली, रस्ता. तोच ऱ्हस्व ‘विधि’ म्हटला की दैव. आदिलाबादच्या बाजारात कोणी या दोहोंत घोटाळा करीत नाही, कारण भेद कानाला कळतो. मुलाचा दीर्घ ‘वी’ अगदी स्वच्छ होता. कान अधू नव्हता तर!

मग दोष कोणाचा? सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीतही या दोन ‘वीकां’चे उच्चार निराळे होते. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला आणि पुढे लेखन हळूहळू स्थिरावले. जीभ मात्र बदलत राहिली. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्याच्या आरंभीचा मुका ‘के’ एके काळी उच्चारला जात असे. आता कान गप्प, आणि डोळ्यांनी पाठ करावे!

आणि हसणारे आम्ही तरी कोण? त्याच वर्षी ५ सप्टेंबरला शाळेच्या फळ्यावर ‘शिक्षक दीन’ अशी ठळक अक्षरे झळकली होती. अक्षर आमचेच, पदवी मराठीतील एम. ए.ची. दुपारपर्यंत कोणी हसले नाही, कारण कोणाच्या ध्यानातच आले नाही. (अर्थ अगदीच चुकला होता, असेही नव्हे!) वीट, सून, पीक या मराठी शब्दांत उपान्त्य अक्षर दीर्घ, संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या दिन, गुण, विष यांत ते मुळाप्रमाणे ऱ्हस्व. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतही हा भेद आहे. पण मराठी जीभ दिन आणि दीन बहुधा सारखेच म्हणते. आमच्या हाताने मराठी सवयीने दीर्घ ओढला, एवढेच. त्या मुलाच्या चुकीहून ही चूक फार निराळी नाही. तिला लाल शाई मात्र लागली नाही.

तो रजेवरून परतल्यावर आम्ही सहावीत शब्दांच्या जोड्या घेऊ लागलो: सुत म्हणजे मुलगा, सूत कापसाचे, शिर म्हणजे मस्तक, शीर रक्ताची. आरंभी तोच मुलगा उभा राहून ‘विधि, वीधि’ म्हणून दाखवी आणि वर्ग मागून म्हणे. त्याचे पाहून मराठी जोड्यांतही मुले दीर्घ लांबवू लागली. आमचा उच्चार अजूनही घसरतो. तेव्हा पहिल्या बाकावरून हळूच दुरुस्ती येते.

आजोबा आता ओट्यावर येऊन बसतात.