फोटो बनावट, तरी गुन्हा खराच



मासेमारी बंद असते, तेव्हा जाळं टाकलं तर कारवाई होते, हे आपल्या घरचं लहान पोरगंही सांगेल. पण पोरीच्या साध्या फोटोवरून कोणी एआयने घाणेरडा फोटो बनवला, तर कोणता कायदा लागतो? हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

लग्नातला, शाळेतला एक फोटो अशा कामाला पुरतो. मग घरचे म्हणतात, "फोटो खोटाच आहे, गप्प राहा, बदनामी होईल." पोरीचा मोबाईल काढून घेतात, शाळाही बंद करतात. म्हणजे भोगायचं पोरीनं आणि करणारा मोकळा. हे चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा पोरीच्या बाजूचा आहे. 2012 च्या पोक्सो कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. 18 वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं हुबेहूब वाटणारं, कॉम्प्युटरवर बनवलेलं अश्लील चित्रही त्यात आलं. आयटी कायद्याच्या कलम 67-ब मध्ये असं चित्र बनवणाऱ्याला, पाठवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. 23 सप्टेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की असं काही मोबाईलमध्ये ठेवणं, पाहणं हाही गुन्हा ठरू शकतो. म्हणून "बघा रे, ही कोणाची पोरगी" म्हणत ग्रुपवर पुढे ढकलू नका.

समाजाच्या बैठकीत प्रकरण मिटवणंही बरोबर नाही. माहीत असून पोलिसांना न कळवणं हा पोक्सोत गुन्हा आहे. ठाण्याची भीती वाटते? लेकराचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, पोलीस वर्दीत नसतात. नाव छापायला मनाई आहे.

पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, लिंक लिहून ठेवा आणि ठाण्यात जा, किंवा 1098 वर फोन करा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नाव न सांगताही तक्रार होते.

समितीच्या बैठकीत मत्स्यबीज आणि ठेक्यासोबत हाही विषय घ्या. आणि आज घरी पोरांना एवढं सांगा : असं काही झालं तर आधी आम्हाला सांग, आम्ही तुला रागावणार नाही.