कोयत्यालाही नाव असते

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उतरतात. मुकादमाच्या वहीत ह्या माणसांची गणती कशी होते? नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. उचल दिली जाते तीही कोयत्याच्याच हिशेबाने. श्रम विकत घेणारी व्यवस्था श्रमिकाचे नाव पुसून तेथे हत्याराचे नाव लिहिते, ह्याचे याहून उघडे उदाहरण क्वचितच सापडेल.

लोणी देवकर हे ह्याच पट्ट्यातील गाव. एका अंगाला उसाचे फड, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत. अशा गावांतील प्राथमिक शाळेत टोळीतले मूल येते, तेव्हा त्याची ओळख 'टोळीवाल्याचे पोर' एवढीच उरण्याचा धोका असतो. बाप कोयता, आणि मुलगा कोयत्याचा!

ह्या संदर्भात पहिली-दुसरीच्या वर्गांत नावांविषयीची चित्रमय पुस्तके वापरण्याचा विचार शहरी चैन म्हणून उडवून लावता येणार नाही. स्वतःचे नाव हा मुलाला सर्वांत जवळचा शब्द. 'कमल' ह्या नावातून क, म, ल ही अक्षरे मिळतात. तीच फिरवली की 'कलम' होते. साक्षरतेचा आरंभ आपल्या नावापासून झाला, तर अक्षर परके वाटत नाही. अमेरिकेत २००१ साली निघालेल्या 'द नेम जार' ह्या पुस्तकात कोरियाहून आलेली मुलगी नव्या शाळेत नाव सांगायला संकोचते. वर्गमित्र तिच्यासाठी बरणीत नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. अखेर ती स्वतःचेच नाव राखते. स्थलांतरिताचे दुःख तेथेही तेच आहे.

परंतु परदेशी पुस्तकांचा अनुवाद करून आपले काम भागणार नाही. आपल्याकडे नाव ही केवळ कौतुकाची बाब नाही. एकाच नावाचा जमीनदार 'रामराव' होतो आणि मजूर 'राम्या'. नीरेपलीकडच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून ती नकोशी! अशा मुलीला 'तुझ्या नावावर प्रेम कर' असे सांगणारे पुस्तक तिची थट्टाच करील. आपल्या पुस्तकाने नावामागची कथा सांगावी, तसेच कोण कोणाला कसे हाक मारतो, हेही दाखवावे.

येथे एक सावधगिरी अवश्य हवी. आडनाव विचारणे म्हणजे बहुधा जात विचारणेच होय. म्हणून वर्गातील खेळ, तक्ते आणि गोष्टी मुलाच्या व आईच्या नावावर उभ्या राहाव्यात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या सरकारी नोंदीत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. तोवर कागदावरची ही सुधारणा वर्गात रुजवण्याचे काम शिक्षकांनी का हाती घेऊ नये?

नावाने हाक मारल्याने पोट भरत नाही, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. तो खराच आहे. दरवाढीचा लढा पुस्तकाने सुटणार नाही. पण ज्याला स्वतःचे नाव लिहिता येते, त्याला मुकादमाची वही वाचता येते, आणि वही वाचता येणारा माणूस हिशेब विचारतो. कार्यकर्त्यांनी पुढील हंगामापूर्वी आपापल्या गावच्या शाळेत जावे. कोरे कागद, रंग आणि शिक्षकांचे साहाय्य एवढ्या भांडवलावर त्या वर्गातील मुलांच्या नावांचे पुस्तक मुलांकडूनच तयार होऊ शकते. टोळी आली की त्यात नवी पाने जोडावीत. टोळी परतली तरी ती फाडू नयेत.