छाटलेली काडी टाकू नका
पावसाळा सरला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी होते आणि चांगल्या फांद्या कचऱ्यात जातात. त्यांतली पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. 15 ते 20 सेंटिमीटरची काडी डोळ्याच्या लगेच खाली तिरकी कापा आणि दोन डोळे मातीत जातील अशी लावा. नुसती काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि काडी कुजते. तिच्यात वाळू मिसळा, शेणखत मुळे धरल्यावर द्या. माती ओलसर हवी, चिखल नको. पालवी म्हणजे मुळे नव्हेत. ती काडीतल्या साठ्यावरही फुटते. म्हणून महिना-दीड महिना काडी उपटून पाहू नका, सावलीत राहू द्या. गावठी गुलाब असा सहसा जगतो. एक काडी शेजारीही द्या.